विश्लेषण : पगचे घोरणे गोड की गंभीर? चपट्या नाकाच्या श्वानाला उन्हाळा का झेपत नाही?

चपटे नाक, कपाळावरच्या सुरकुत्या, टपोरे डोळे आणि झोपेतले घोरणे. शहरी सदनिकांमध्ये ‘पग’ लाडका झाला तो याच रूपामुळे. मात्र त्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळही याच रूपात आहे. उन्हाळ्यात तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. पग पाळणाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी, याविषयी…

पग भारतात घराघरांत कसा पोहोचला?

पग मूळचा चीनचा. तेथे राजघराण्यात पाळला जाणारा हा श्वान सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेला. भारतात तो सर्वांच्या ओळखीचा झाला २००३ मधील ‘हच’ या मोबाइल सेवेच्या जाहिरातीमुळे. लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा पग लोकांना आवडला आणि त्याच्या पिल्लांची मागणी वाढली. साधारण सहा ते आठ किलो वजनाचा, छोट्या घरात मावणारा आणि मुलांशी पटकन जुळवून घेणारा हा श्वान शहरी कुटुंबांना सोयीचाही वाटला.

चपट्या नाकामुळे नेमके काय बिघडते?

माणसाप्रमाणे श्वानाला अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना नाक, तोंड आणि जिभेवरील ओलाव्याची वाफ होते व त्यातून शरीर थंड राहते. पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीमुळे पगची कवटी आखूड झाली, पण आतील मऊ भाग त्या प्रमाणात कमी झाला नाही. परिणामी नाकपुड्या अरुंद राहतात आणि टाळूचा मागचा लांब पडदा श्वासमार्गात येतो. हवा आत घेण्यासाठीच इतका जोर लावावा लागतो, की त्या कष्टाने शरीर आणखी तापते.

मुंबई-कोकणात यात दमटपणाची भर पडते. हवेत आधीच बाष्प असल्याने ओलाव्याची वाफ लवकर होत नाही. त्यामुळे विदर्भाइतका पारा चढलेला नसला, तरी किनारपट्टीवरील पगला धोका असतोच.

घोरण्याकडे दुर्लक्ष का होते?

‘पग घोरायचाच’ या समजुतीमुळे. ब्रिटनमधील रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०१२ च्या अभ्यासात, श्वसनाच्या त्रासाची स्पष्ट लक्षणे असलेल्या श्वानांच्या निम्म्याहून अधिक मालकांना आपल्या श्वानाला काही त्रास आहे असे वाटतच नव्हते. जागेपणीही घरघर ऐकू येणे, थोडे चालून बसकण मारणे, झोपेत दचकून उठणे, बसल्या बसल्या झोपणे, खाल्लेले वारंवार उलटून पडणे ही लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकाला दाखवावे. गरज असल्यास शस्त्रक्रिया करून नाकपुड्या रुंद करता येतात, टाळूचा पडदा कमी करता येतो. उपचार लवकर झाल्यास फायदा अधिक होतो. हिरड्या वा जीभ निळसर दिसल्यास मात्र क्षणाचाही विलंब करू नये.

उन्हाळ्यात काय करावे?

सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि रात्री जमीन निवल्यावरच फिरायला न्यावे. तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही भाजणार. गळ्यातील पट्ट्यामुळे श्वासनलिकेवर दाब येतो. त्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस वापरावा. पिण्याचे पाणी आणि पंखा कायम हवा. बंद मोटारीत त्याला पाच मिनिटेही ठेवू नये.

उष्माघात झाल्यास?

श्वानाचे सामान्य तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ अंशांवर गेल्यास जिवाला धोका असतो. न थांबणारी धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही त्याची चिन्हे. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, पंखा लावावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये. त्यात उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे, बळजबरी करू नये. अंग गार करणे सुरू ठेवूनच दवाखाना गाठावा.

रोजच्या काळजीत काय महत्त्वाचे?

सर्वात आधी वजन. गळ्याभोवती साठणारी चरबी श्वासमार्ग आणखी आवळते. हात फिरवल्यावर फासळ्या जाणवल्या पाहिजेत. घरातल्या प्रत्येकाने भरवलेला बिस्किटाचा किंवा तुपाच्या पोळीचा एकेक तुकडा दिवसअखेर बराच होतो. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण तर देऊच नयेत.

चेहऱ्यावरच्या घड्या ओल्या मऊ कापडाने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात ओल राहिल्यास तेथे संसर्ग होतो. खोबणी उथळ असल्याने डोळे बाहेर आलेले असतात व सहज दुखावतात. डोळा मिटून धरणे, पाणी येणे किंवा बुबुळावर पांढुरका डाग दिसणे यासाठी त्याच दिवशी उपचार हवेत.

पिल्लू घेताना काय पाहावे?

नेदरलँड्समध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा आखूड मुस्कटाच्या श्वानांच्या पैदाशीला मनाई आहे. भारतात २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. त्यामुळे नोंदणी विचारावी, पिल्लाची आई पाहावी आणि ती श्वास कसा घेते ते ऐकावे. अगदी चपट्या चेहऱ्याच्या पिल्लापेक्षा मोकळ्या नाकपुड्यांचे, थोडे लांब मुस्कट असलेले पिल्लू निवडावे. ‘चेहरा जितका चपटा, तितके पिल्लू महाग’ हे गणित ग्राहकच मोडू शकतात.