खेळाचा छंद आणि लेखणी

संगणकीय खेळांत रमलेला विद्यार्थी वाया गेला, असे माळव्यातील राजगढपासून पुण्यापर्यंत आपण शिक्षक सहज म्हणून जातो. परंतु पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेचा २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा खेळ पाहावा. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादांतून उलगडते. जुन्या नाटकातील सूत्रधाराचेच हे काम होय. भेद एवढाच की, येथे नायिकेची पावले प्रेक्षकच टाकतो. म्हणून लेखकाला शब्द मोजून वापरावे लागतात. असे लेखन हा आज मोबदल्याचा व्यवसाय आहे. तेव्हा खेळ हिसकावून घेण्यापूर्वी विद्यार्थ्यास त्यातील एक प्रसंग मराठीत लिहावयास सांगावा. छंदाला पुढे वाट आहे की नाही, हे त्या पानावरून कळू लागेल.