गुट आणि गिट

रुडॉल्फ रॉकर जर्मनीतल्या माइन्ट्सचा. जन्म १८७३ चा, घर कॅथलिक, धंदा पुस्तकबांधणीचा. १८९५ मध्ये तो लंडनला आला आणि १८९८ मध्ये पूर्व लंडनमधल्या ज्यू कामगारांच्या ‘आर्बेटर फ्रायंड’ या यिडिश वर्तमानपत्राचा संपादक झाला. यिडिश भाषा जर्मनच्या कुळातली, त्यामुळे कानाला ती त्याला अगदीच परकी वाटली नसणार. पण तिची अक्षरं हिब्रू, उजवीकडून डावीकडे चालणारी. ज्यू नसलेला हा माणूस ती मोठेपणी शिकला आणि १९१२ च्या शिंप्यांच्या संपात त्याच अक्षरांतून हजारो माणसांशी बोलला. हे वाचलं तेव्हापासून ही अक्षरं कशी शिकतात ते जवळून पाहावं असं मनात होतं. म्हणून ब्लूम्सबरीत संध्याकाळी भरणाऱ्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं.

मूळ अक्षरं बावीस. त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. ती गिरवायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो जुळ्यांना वेगळं ओळखण्यात. दालेदचा कोपरा टोकदार, रेशचा गोलसर, आणि छपाई जुनी असेल तर दोन्ही सारखेच. शेवटचा मेम आणि सामेख यांच्यातही तोच घोळ. सर पाटीवर लिहीत नाहीत. छापील पानच पडद्यावर लावतात आणि अक्षराखालून बोट सरकवतात. आपल्या सवयीनं डोळा डावीकडे पळतो, सरांचं बोट त्याला परत उजवीकडे आणतं. मराठी माणसाला एक फायदा मात्र लगेच होतो. त्सादेक हे अक्षर इतरांना अडतं, आपण ‘चाक’ आणि ‘चांगला’मधला च रोज म्हणतो. ‘चार’मधला च हवा असेल तर यिडिशला तेस आणि शिन अशी दोन अक्षरं शेजारी ठेवावी लागतात.

खरी गंमत स्वरांची आहे. हिब्रूची ही सगळी अक्षरं मुळात व्यंजनांची. यिडिशनं त्यातली काही स्वरांच्या कामाला लावली. घशातून काढायचा आयेन इथे सरळ ‘ए’ झाला. आलेफखाली आडवी रेघ दिली की ‘आ’, कोमेत्स नावाची खूण दिली की ‘ऑ’, आणि काहीच नसेल तर तो मुका. ‘इ’ किंवा ‘उ’नं सुरू होणाऱ्या शब्दाच्या पुढे नुसता उभा राहतो. वॉव म्हणजे ‘उ’, दोन वॉव म्हणजे ‘व’. आपण मात्रा व्यंजनाला टांगतो, इथे स्वर ओळीत स्वतःच्या जागेवर बसतो. मला ही रचना फार देखणी वाटते. हिब्रूतून आलेल्या शब्दांना मात्र हा नियम लागत नाही. ‘शाबेस’, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, हा शब्द जुन्याच पद्धतीनं, स्वरांशिवाय लिहायचा, आणि तो पाठच करायचा. सोव्हिएत काळात हे मोडून सगळं उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरलं. मॉस्कोच्या ‘दर एमेस’ या वर्तमानपत्राचं नावही तसंच छापलं जाई.

पहिल्याच तासाला सर एक आकडा सांगून गेले. दुसऱ्या महायुद्धाआधी यिडिश बोलणारे साधारण १ कोटी १० लाख होते. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुतेकांची भाषा हीच. १ कोटी १० लाख. पडद्यावरच्या पानावर ‘गुट’ म्हणजे ‘चांगलं’ हा तीन अक्षरांचा शब्द होता. गिमल, वॉव, तेस. आम्ही सगळ्यांनी एका सुरात ‘गुट’ वाचला. खिडकीजवळ बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई म्हणाल्या, ‘गिट’.

त्या लंडनमध्येच जन्मलेल्या, आईवडील पोलंडमधल्या लोद्झकडचे. घरात यिडिश बोलली जायची. भावाला खेदरमध्ये, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत घातलं आणि तो अक्षरं शिकला. ‘मला कुणी बसवलंच नाही,’ असं त्या शांतपणे सांगतात. वर्गात भाषा येणाऱ्या त्या एकट्या, आणि वाचता न येणाऱ्या आमच्यासारख्याच. सरांनी त्यांना दुरुस्त केलं नाही. ते म्हणाले, पोलंडकडे हा वॉव ‘इ’च वाचतात, अक्षर तेच.

आम्ही शिकत होतो तो उच्चार शाळेतला. १९२५ साली विल्नामध्ये यिवो ही संस्था उभी राहिली आणि १९३७ मध्ये तिनं शुद्धलेखनाचे नियम छापले. वर्गातला प्रमाण उच्चार त्याच परंपरेतला, लिथुआनियाकडे झुकलेला. हे काम मोठंच होतं, एरवी पाठ्यपुस्तकंही निघाली नसती. पण लंडनमध्ये आज हजारो माणसं जी यिडिश बोलतात ती ही नव्हे. ती ऐकायची तर उत्तरेला स्टॅमफर्ड हिलला जायला हवं.

मी गेलो. हसिदी, म्हणजे एका कर्मठ ज्यू पंथाच्या लोकांची ही युरोपातली सर्वांत मोठी वस्ती. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची पत्रकं, पोरांची भांडणं, सगळं यिडिशमध्ये. इथे शुक्रवारी संध्याकाळी लोक एकमेकांना ‘गिट शाबेस’ म्हणतात. मुलगा तीन वर्षांचा झाला की त्याचे केस कापतात आणि त्याला अक्षरांपुढे बसवतात. अक्षरांवर मध ठेवून ते चाटायला देतात. भिंतीवरची पत्रकं वाचायला गेलो तर आलेफखालच्या खुणा गायब. तो आलेफ आ, की ऑ, की मुका, हे ज्याला भाषा येते त्यालाच कळणार. मोडी वाचणाऱ्याला हे नवं नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद राखत नाहीत, वाचणारा शब्द ओळखून वाचतो. मोडी शिकताना जाणकाराच्या शेजारी बसावं लागतं ते त्यामुळेच.

घरची भाषा लिहिताना आमच्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनी वेगळी वाट धरली होती. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, हिब्रू आणि मराठी दोन्ही आहेत, पण प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत. पूर्व युरोपात मात्र घरातली बोलीच प्रार्थनेच्या अक्षरांत आली, म्हणून एका वॉवमध्ये इतक्या गावांचे आवाज साठले.

पूर्व लंडनमध्ये ते आवाज एकत्र ऐकू येत. कवी अव्रॉम स्टेन्सल १९३६ मध्ये व्हाइटचॅपलला आला. ‘लॉशन उन लेबन’ हे मासिक त्यानं १९४६ पासून १९८१ पर्यंत चालवलं, त्याचे अंक स्वतः विकले, आणि शनिवारी दुपारी यिडिशच्या बैठका भरवल्या. खिडकीजवळच्या बाईंना वडिलांबरोबर तिथे गेल्याचं आठवतं. अंक घरी होते. वाचणारे वडील होते.

कोणता उच्चार शिकवावा यावर वर्गात एकदा वाद झाला. दफ्तरखान्यातले कागद वाचण्यासाठी यिडिश शिकणारा एक तरुण म्हणाला, नवशिक्यांना एकच उच्चार द्या, नाहीतर गोंधळ होतो. त्याची अडचण खरी आहे, परीक्षा एकाच उच्चाराची असते. तरी मला त्याचं पटलं नाही. १ कोटी १० लाख तोंडांतून उरलेलं एक तोंड खोलीत बसलेलं असताना ध्वनिफितीवरचा उच्चार तेवढा घ्यायचा आणि या बाईंना परदेशी विद्यार्थ्यासारखं सुधारायचं, हे शिकवणं मला अपुरं वाटतं. दोन्ही उच्चार पहिल्या तासापासून शेजारी ठेवता येतात. सरांनी तेच केलं. एक परिच्छेद आधी त्या तरुणाला वाचायला दिला, मग बाईंना. बाईंना एकेक अक्षर जुळवत जावं लागत होतं, पण शब्द तयार झाला की तो त्यांच्या घरच्या आवाजातच बाहेर पडे. आम्ही फरकाच्या जागी खुणा करत होतो. ‘गुट’चा ‘गिट’. ‘टॉग’, म्हणजे दिवस, याचा ‘टूग’. ‘झॉग्न’, म्हणजे सांगणं, याचा ‘झूग्न’. मग ‘वॉर्ट’ आला, म्हणजे शब्द, आणि त्या ‘वॉर्ट’च म्हणाल्या. तरुणानं मान वर करून विचारलं, इथेही कोमेत्स आलेफच आहे, मग ‘वूर्ट’ का नाही? त्या म्हणाल्या, असं कुणी म्हणत नाही. सरांनी समजावलं: हे दोन वेगळे जुने स्वर. प्रमाण उच्चारात ते एक झाले, लिहिण्यातही एकच खूण उरली, पोलंडकडच्या बोलीत ते अजून वेगळे आहेत. तरुणानं वहीत दोन रकाने आखले आणि बाईंना विचारत विचारत कोमेत्स आलेफचे शब्द त्यात भरायला घेतले.