जीपवाल्यांचा संघ



गेल्या गळीत हंगामात एका रात्री वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टर लावून बसलो होतो. पुढे तीसएक गाड्या होत्या. गव्हाणीत काही बिघाड होऊन गाळप थांबलेले, त्यामुळे पहाटेपर्यंत नंबर लागेल असे चिन्ह नव्हते. अशा वेळी शेकोटीभोवती जी बैठक जमते ती आपल्या वार्षिक सभेपेक्षा पुष्कळ मोकळी असते. त्या बैठकीत आमच्याच गटातल्या एका सभासदाच्या मुलाने विषय काढला. पोरगा कबड्डी खेळतो. चढाईला चपळ आहे, तालुक्यात नाव आहे. तो म्हणाला, "काका, आपला कारखाना कुस्तीच्या मैदानाला बक्षिसं देतो, सामने भरवतो. मग कारखान्याचा स्वतःचा संघ का नाही? मुंबईत कंपन्यांचे संघ असतात. पोरांना पगार मिळतो."

दोघा-तिघांनी लगेच माना डोलावल्या. शेकोटीपलीकडून एक जुने सभासद म्हणाले, "आधी उसाचं बिल चौदा दिवसांत द्या म्हणावं, मग खुशाल संघ काढा." मोठा हशा झाला आणि विषय तिथेच राहिला. पोराचे तोंड मात्र उतरले. मलाही घरी गेल्यावर झोप लागली नाही. प्रश्न खोटा नव्हता आणि उत्तरही खोटे नव्हते. म्हणून कंपन्यांच्या संघांचे पुढे काय होते याची थोडी माहिती जमवली, ती सभासदांपुढे ठेवतो. त्या रात्री रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांपैकी बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटवर ज्या कंपनीचे नाव होते, तिच्याच फुटबॉल संघाची ही हकिगत आहे.

महिंद्रा हे नाव आपल्याकडे कुणाला सांगायला नको. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र या महिंद्रा बंधूंनी गुलाम महंमद यांच्या भागीत पोलादाचा व्यापार सुरू केला. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ पासून कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीज जीपची जुळवणी त्यांनीच मुंबईत सुरू केली. एके काळी शेतकी खात्याची जीप बांधावर आली की ऊसतोडीची तारीख कळायची, ती हीच जीप. १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी निघाली आणि पुढे बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या रानात आला. त्याच्या आवाजावरून कोणाचा ट्रॅक्टर चालला आहे हे ओळखणारी माणसे अजून आपल्या गावात आहेत.

या कंपनीने १९६२ साली आपल्या कचेऱ्यांमधल्या नोकरांसाठी एक क्रीडा क्लब काढला. त्यातून पुढे फुटबॉलचा संघ उभा राहिला. मैदान कुलाब्याजवळचे कूपरेज. लोकांनी संघाला नाव दिले 'जीपमेन', म्हणजे आपल्या भाषेत जीपवाले.

त्या काळी कंपनीच्या संघाची रीत कशी होती ते नीट समजून घेण्यासारखे आहे. खेळाडू हा आधी कंपनीचा नोकर असे. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर सरावाला सुटी मिळायची. गोल मारला म्हणून बढती लवकर मिळत असेल, पण पगार कामगाराचाच. फार मोठी रक्कम हाती येत नव्हती. मात्र गुडघा गेला, वय झाले, संघातून नाव गळाले, तरी टेबल-खुर्ची राहत असे. प्रॉव्हिडंट फंड आणि दवाखाना राहत असे. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल, एअर इंडिया, रेल्वे, बँका अशा कितीतरी ठिकाणी हीच पद्धत होती. हॉकी, क्रिकेट, कबड्डी यांचेही तेच. खेळावर पोट भरत नव्हते, पण खेळामुळे चाकरी लागत होती, आणि आपल्यासारख्या घरातल्या पोराला तेवढे पुष्कळ होते.

गिरण्यांचे संघ पुढे एकेक करून दिसेनासे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत. जिथे मागाचीच खात्री नाही तिथे चेंडूला कोण विचारतो? आपल्या सोलापूर शहराने जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे थांबलेले पाहिले आहेत, तेव्हा यावर अधिक लिहीत नाही.

महिंद्रांचा संघ मात्र टिकला आणि चढत गेला. १९९६ च्या अखेरीस देशात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. पहिले विजेतेपद पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी या कापड गिरणीच्या संघाने मिळवले. म्हणजे पहिला राष्ट्रीय विजेताही कंपनीचाच. महिंद्रांनी १९९८ साली ड्युरँड चषक जिंकला. २००० साली क्लबचे नाव 'महिंद्रा युनायटेड' झाले. नावातून 'कंपनी' गेली आणि 'क्लब' आला. नावाबरोबर व्यवहारही बदलला होता. आता नोकरीच्या जागी करार आले. परदेशी खेळाडू आले, पगारी प्रशिक्षक आले, विमानाचे प्रवास आले. कचेरीतल्या बाबूंचा संघ उरला नव्हता.

याचे फळही मिळाले. २००१ साली पुन्हा ड्युरँड, २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक. २००५-०६ चा हंगाम तर सोन्याचा. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. ब्राझीलचा होसे बारेटो, घानाचा युसुफ याकुबू, आपल्या मुंबईचा स्टीव्हन डायस अशी मंडळी मैदानात होती. त्या वर्षी जीपवाल्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. ही लीग अकरा वर्षे चालली. बाकी सगळी विजेतेपदे कोलकाता, गोवा आणि पंजाब यांनी वाटून घेतली, महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते हे एकच. २००६ आणि २००८ साली कोलकात्यात जाऊन त्यांनी आयएफए शील्ड उचलली. कोलकात्यात फुटबॉल जिंकणे म्हणजे कोल्हापूरच्या मल्लाला कोल्हापुरात चीत करणे. २००७ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकात हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि २००८ मध्ये तिसरा ड्युरँडही आला.

आणि २०१० साली, हंगाम चालू असतानाच, कंपनीने जाहीर केले की हंगाम संपला की वरिष्ठ संघ बंद.

सभासदांनी इथे जरा थांबावे. संघ हरत होता म्हणून बंद झाला नाही. कंपनी बुडाली म्हणूनही नाही. त्या वर्षी कंपनी उत्तम फायद्यात होती. कंपनीने सांगितले ते असे की यापुढे पैसा शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर खर्च करू. तशा शालेय स्पर्धा त्यांनी भरवल्याही, हे मान्य केले पाहिजे. पण एक गोष्ट उघड होती. कूपरेजवर तिकिटे काढून येणारी माणसे थोडी, दूरदर्शनवर सामन्यांना भाव नाही, आणि आशियाई महासंघाच्या नव्या अटींप्रमाणे क्लब म्हणजे स्वतःच्या पायावर उभी असलेली वेगळी संस्था असावी लागणार. एवढा सगळा खर्च एकाच खिशातून होत होता. खिसा ज्याचा, निर्णयही त्याचा.

खेळाडू पांगले. ज्यांच्या नावाला वजन होते त्यांना दुसरे क्लब मिळाले. याच संघातून आधी खेळून गेलेले खालिद जमील पुढे प्रशिक्षक झाले, २०१७ साली मिझोरमच्या ऐझॉल या लहानशा क्लबला त्यांनी आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ साली ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. मोठ्या माणसांची नावे अशी सांगता येतात. राखीव बाकावरचा जो पोरगा एका वर्षाच्या करारावर होता आणि ज्याच्या मागे कचेरीतले टेबल नव्हते, त्याचे नाव कुणी लिहून ठेवत नाही.

एका वर्षाने, २०११ साली, फगवाड्याच्या जेसीटीने आपला संघ बंद केला. पुण्यात पिरामल उद्योगसमूहाने २००७ साली काढलेला पुणे एफसी २०१५ नंतर उरला नाही. गोव्यात साळगावकर आणि धेंपे यांचे क्लब, दोघांनीही राष्ट्रीय विजेतेपदे जिंकलेली, धेंपे तर पाच वेळा. २०१६ साली दोघांनीही राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. धेंपे पुढे परत आले ही चांगली गोष्ट.

हे आपल्याच देशात घडते असे समजू नये. अर्जेंटिनात ओलावार्रिया गावाजवळ लोमा नेग्रा नावाचा सिमेंटचा कारखाना आहे. १९२९ साली तिथल्या कामगार वसाहतीत एक फुटबॉल क्लब निघाला. पन्नास वर्षे तो आसपासच्या गावांशी खेळत राहिला. १९७६ साली मालक अल्फ्रेदो फोर्ताबात वारले आणि कारभार त्यांच्या पत्नी आमालिया यांच्या हाती आला. बाईंनी मनावर घेतले, पैसा ओतला, नावाजलेले खेळाडू आणले. १९८१ साली हा कामगार वसाहतीचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. १९८२ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत रशियाचा राष्ट्रीय संघ विश्वचषकाच्या तयारीसाठी तिकडे गेला होता. लोमा नेग्राने त्याला एक-शून्य असे हरवले. गोल हुसियोस याचा. एका सिमेंट कारखान्याच्या पोरांनी रशिया पाडली! १९८३ ची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि त्यानंतर बाईंनी हात आखडला. संघ पुन्हा गावच्या लीगमध्ये. २००५ साली कारखानाही ब्राझीलच्या कंपनीला विकला गेला.

त्याच देशात टुकुमान हा उसाचा प्रांत आहे. साखर कारखान्यांच्या वसाहती, त्यांची मैदाने, सगळे आपल्यासारखेच. १९६६ पासून लष्करी सरकारने दोन-तीन वर्षांत सत्तावीसपैकी अकरा कारखाने बंद पाडले. कारखान्याची चिमणी थंड झाली की वसाहतीत फुटबॉल कोणाच्या जिवावर चालणार, हे साखरपट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

उलट उदाहरणेही आहेत, ती लपवत नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर आपण ज्या बायरचे नाव वाचतो, तिच्या कामगारांनी जर्मनीत १९०४ साली काढलेला लेव्हरकुसेनचा क्लब २०२४ साली प्रथमच देशाचा विजेता झाला. एकशे वीस वर्षे कंपनी मागे उभी राहिली. पण अशी कंपनी लाखात एक.

आता कोल्हापूरकडे बघा. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ हे संघ कुणा कंपनीचे नाहीत. पेठेचे आहेत, तालमीचे आहेत. वर्गणी निघते, कुणी बूट देतो, कुणी जेवण घालतो, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकाने अर्धी ओस पडतात. त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकलेली नाही. हुल्लड होते, दगडफेक होते, पोलिसांना यावे लागते, तेही खरे. पण मुंबईच्या कचेरीत बसून कुणी एक दिवस पाटाकडील तालीम बंद केली असे होऊ शकत नाही, कारण ती कुणा एकाची नाही. महिंद्राचा संघ बंद झाला तेव्हा मुंबईत एक मोर्चा निघाल्याचे माझ्या वाचनात आले नाही. तोच निर्णय एखाद्या पेठेबाबत घेऊन बघा.

आपला कारखाना या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. कंपनीत ज्याचे शेअर्स जास्त त्याचे मत जास्त, आपल्याकडे एका सभासदाला एकच मत, मग ऊस दहा टन घालो की हजार टन. म्हणून वाटते की इथे संघ निघाला तर तो पेठेसारखा सर्वांचा होईल. पण मी इतकी वर्षे सभांना बसतो आहे, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. आपल्याकडे दर पाच वर्षांनी निवडणूक असते. एका संचालक मंडळाने हौसेने काढलेली गोष्ट दुसऱ्या मंडळाला डोळ्यात खुपते. आणि साखरेचे भाव पडले, दुष्काळ आला, गाळप निम्म्यावर आले, तर पहिली काट कुठे बसेल हे सांगायला ज्योतिषी नको. कबड्डीच्या बारा पोरांनी त्या वेळी कुणाकडे पाहायचे?

मी संघाच्या विरुद्ध नाही. महिंद्रांचा फुटबॉल संघ गेला, पण कबड्डीला त्या घरातून मोठा हात लागला. २०१४ साली प्रो कबड्डी लीग उभी करण्यात आनंद महिंद्रा पुढे होते, आणि त्यामुळेच आज आपल्या पोरांना चढाईत भविष्य दिसते. पण ती लीग लिलावाची आहे. त्यात ज्याला बोली लागली तो तरला.

मी त्या पोराच्या घरी जाऊन आलो. त्याला ही सगळी हकिगत सांगितली. रशिया हरल्याचे ऐकून तो खूश झाला. मग म्हणाला, "काका, संघ बंद होईल म्हणून काढायचाच नाही का?" त्याच्या वडिलांनी मात्र एकच विचारले, "जर्सी देतील, पण हजेरीपटावर नाव घेतील का?"

तेव्हा मी तीन प्रश्न लेखी करून शेतकी कार्यालयात दिले आहेत. संघ निघालाच तर खेळाडूला हंगामी का होईना कारखान्याची नोकरी आधी मिळणार का? खर्चासाठी वेगळा निधी ठेवून तो उसाच्या बिलापासून अलग राखणार का? आणि संघ बंद करायचा झाला तर तो विषय संचालक मंडळाच्या बैठकीत न संपवता सर्वसाधारण सभेपुढे आणणार का? ज्या सभासदांना यात भर घालायची असेल त्यांनी सभेच्या आठ दिवस आधी आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याकडे लेखी द्यावे. आयत्या वेळचे विषय म्हणून हे घेऊ नयेत. त्या वेळेपर्यंत निम्मी सभा जेवायला उठलेली असते.

— एक सभासद