बास्केटबॉल : राखीव खेळाडू आणि अपुरा संघ

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव. अशा गावच्या शाळेचा बास्केटबॉल संघ जिल्हा स्पर्धेसाठी सोलापूरला निघाला, तर नियमाने अनुज्ञेय असलेले १२ खेळाडू जमतीलच असे नाही. बहुधा सहा-सात मुले एस. टी. ने निघतात. सामन्यात दोघे फाउलमुळे बाद झाले, एक जायबंदी झाला, की संघ अपुरा पडतो. आणि पाच खेळाडूंवाचून खेळता येत नाही या समजुतीने सामना सोडून दिला जाण्याचा संभव असतो. ही समजूत चुकीची आहे.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार पाच खेळाडूंची अट सामना सुरू होण्यापुरती आहे. नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू उभे करता आले नाहीत, तर प्रतिपक्षास २०-० असा विजय मिळतो. एस. टी. चुकलेल्या संघावर हा प्रसंग ओढवू शकतो, म्हणून संयोजकांना आगाऊ कळविणे श्रेयस्कर. एकदा सामना सुरू झाला, की चार, तीन, इतकेच नव्हे तर दोन खेळाडूंनीही तो पुढे चालविता येतो. कबड्डीत गडी बाद होत होत एकटाच उरला तरी डाव चालू राहतो, हे आपल्याकडे सर्वांस परिचित आहे. मात्र तेथे बाद गडी पुन्हा उठतो, येथे पाच फाउल झालेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. ३० सेकंदांत त्याच्या जागी दुसरा पाठवावा लागतो. राखीव कोणी नसल्यास जागा रिकामी राहते.

१८९१ साली जेम्स नायस्मिथ यांनी अमेरिकेत या खेळाचे जे मूळ १३ नियम लिहिले, त्यांतही अपुऱ्या संघाने खेळण्याची कल्पना होती. दुसरा फाउल करणाऱ्यास पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावे लागे. इजा करण्याचा हेतू उघड दिसल्यास तो संपूर्ण सामन्यास मुके आणि त्याच्या जागी बदली खेळाडूही मिळत नसे.

आज बदलीस संख्येची मर्यादा नाही. बदललेला खेळाडू पुन्हाही उतरू शकतो. मात्र राखीव खेळाडूने स्वतः गुणलेखकाकडे जाऊन बदली मागावयाची असते. चेंडू मृत आणि घड्याळ थांबलेले असताना ती दिली जाते. जखमी खेळाडूवर मैदानात उपचार झाले, तर एरवी त्यास बदलावेच लागते. पण त्यामुळे मैदानावर पाचपेक्षा कमी खेळाडू उरणार असतील, तर ही सक्ती नाही. लहान संघांच्या शिक्षकांनी ही सवलत विशेष ध्यानात ठेवावी.

खेळण्यास समर्थ असा एकच खेळाडू उरला, तर मात्र सामना संपतो. प्रतिपक्ष आघाडीवर असल्यास त्या क्षणाची गुणसंख्या कायम राहते, अन्यथा निकाल २-० असा नोंदविला जातो. साखळी स्पर्धेत अशा पराभूत संघास एक गुण मिळतो. मुळात पाच खेळाडू उभे न करणाऱ्या संघास तोही मिळत नाही.