फुगडीचा फेर आणि मनाची उभारी

गणपतीचे दिवस आले की वैभववाडी तालुक्यातल्या वाड्यावाड्यांत रात्रीची आरती-भजने आटोपतात, मधली जागा मोकळी होते आणि बायकांच्या फुगड्या रंगतात. साधी फुगडी, बसफुगडी, दंडफुगडी, कोंबडा, झिम्मा असे एकामागून एक प्रकार निघतात. सणाचा खेळ म्हणून सगळे ते कौतुकाने पाहतात. पण नैराश्यावर व्यायाम आणि नृत्य यांचा काय परिणाम होतो, याचा जगभर जो अभ्यास झाला आहे तो लक्षात घेऊन फुगडीकडे पाहिले, तर हा खेळ थक्क करतो.

फुगडी घालणाऱ्या दोघी पायांचे चवडे जवळ आणतात, हातांची अढी घालून एकमेकींना घट्ट धरतात आणि कोपर सरळ होईपर्यंत मागे रेलतात. मग बारीक पावलांनी गिरकी सुरू होते. वेग वाढला की दोघींची शरीरे बाहेरच्या बाजूला खेचली जातात, आणि प्रत्येकीला सावरून धरतो तो फक्त समोरचीचा हात. एकीची पकड सुटली तर दोघी पडणार, म्हणून सगळे लक्ष तिथेच असते. तोंडाने ‘पक् पक्’ असा पकवा चालू राहतो, म्हणजे श्वासही तालात येतो. बसफुगडीत तर उकिडवे बसून आळीपाळीने पाय पुढे टाकायचे असतात, त्यात मांड्यांचा कस लागतो. एक जोडी दमून बाजूला होते, दुसरी पुढे येते. दम लागेपर्यंत श्रम, थोडी उसंत आणि पुन्हा श्रम असा हा व्यायाम रात्री उशिरापर्यंत चालतो.

आता नैराश्याकडे वळू. चार दिवस उदास वाटणे म्हणजे नैराश्य नव्हे. निदान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहते किंवा कशातच गोडी वाटत नाही. झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण उरत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. आपल्याकडे बाई एवढेच म्हणते, “कशातच मन लागना नाय.” या आजाराचा एक फास असतो. मन लागत नाही म्हणून माणूस हालचाल आणि भेटीगाठी कमी करतो, त्या कमी झाल्या की आनंदाचे क्षणही आटतात, आणि मन आणखी खचते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी 1970च्या दशकात नेमका हा फास मांडून दाखवला. तो सोडवायचा तर उत्साहाची वाट न पाहता आधी छोटी कृती करायची. उत्साह मागून येतो.

व्यायाम ही अशीच कृती आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थल आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 156 जणांचे तीन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. व्यायाम आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास चांगला दम लागेल इतका. 16 आठवड्यांनंतर तिन्ही गटांना जवळपास सारखाच गुण आला होता, मात्र औषधाचा परिणाम लवकर दिसू लागला होता. हे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. पुढे उपचार संपून सहा महिने झाल्यावर पाहिले, तर बऱ्या झालेल्यांपैकी व्यायामाच्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण सर्वांत कमी होते. ज्यांनी व्यायाम स्वतःहून चालू ठेवला, त्यांची प्रकृती अधिक टिकली.

2024 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने 218 चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. त्यांत 14,000हून अधिक लोक सहभागी होते. चालणे-धावणे, योगासने, वजने उचलणे या सर्वांचा उपयोग दिसला. नृत्याचा परिणाम तर फार मोठा दिसला, पण नृत्यावरच्या चाचण्या थोड्या आणि लहान होत्या. म्हणून तो आकडा आशेने, पण जपून वाचायला हवा.

नृत्यात व्यायामापलीकडे काय असते, याचा शोध जर्मनीतल्या एका छोट्या प्रयोगाने घेतला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नैराश्याचे 31 रुग्ण होते. काहींनी उड्या मारत फेर धरून नाच केला, काहींनी तेच संगीत नुसते ऐकले, काहींनी व्यायामाची सायकल चालवली. एकाच सत्रानंतर नाचणाऱ्यांची खिन्नता सर्वांत जास्त उतरली आणि तरतरी वाढली. ब्राझीलमधल्या 264 विद्यार्थ्यांवरचा 2015 सालचा प्रयोगही बोलका आहे. इतरांशी ताल जुळवून नाचल्यावर वेदना सोसण्याची ताकद वाढली, सोबत्यांविषयी जवळीकही वाढली. ही ताकद वाढणे ही शरीरात एंडॉर्फिन स्रवल्याची खूण मानली जाते. नियमित व्यायामाने मेंदूच्या पेशींना पोसणारी प्रथिने वाढतात आणि झोप सुधारते, तेही वेगळेच.

हे प्रयोग फुगडीवरचे नाहीत. तरीही दम लागणारे श्रम, ताल, फेर आणि हातात हात, हे त्यांतले सगळे घटक आपल्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आले आहेत. उणीव एकच आहे, गौरी-गणपती सरले की फुगडी वर्षभर थांबते. व्यायामाचा गुण सातत्यात असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. बचत गटाची बैठक संपली की वीस मिनिटे झिम्मा-फुगडी आणि इतर दिवशी झपाझप चालणे, एवढ्याने मोठी सुरुवात होईल. गुडघेदुखी, चक्कर, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर गिरकी टाळून संथ फेर धरावा. पुरुषांना भजनातली पावली आहेच.

फुगडी औषधाची जागा घेत नाही. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. देवाला गाऱ्हाणे घातले तरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालयही गाठावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर त्या माणसाला एकटे न सोडता ताबडतोब मदत मिळवावी.

आणि शेजारची कोणी फुगडीला यायची बंद झाली असेल, तर “बरा वाटला की ये” असे सांगून परतू नये. बरे वाटण्याची वाट पाहणे हाच तिचा आजार आहे. “चल गो, माझ्यावांगडा” म्हणत तिला सोबत न्यावे. ती पहिल्या दिवशी नुसती बसून राहिली तरी चालेल. घराबाहेर पडली, चार जणींत आली, इथूनच उपचाराला सुरुवात होते.