तेरड्याचा रंग

तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण हिणवून म्हणतो. पण आश्विनाच्या आरंभी १४०३ मीटर उंचीचा तोरणा चढावा आणि मग बोलावे! उतारावर गुलाबी तेरडा (गौरीला आणतो तोच), माथ्यावर हळदपिवळी सोनकी. कारवीचा जांभळा बहर मात्र सात-आठ वर्षांनी एकदाच. तोडलेली फुले पायथ्याच्या वेल्ह्यापर्यंतही तग धरीत नाहीत. आमच्या सौ.नी ते रंग डोळ्यांत साठवले आणि घरी येताच गोधडी शिवायला घेतली. पिवळा, जांभळा चिंध्यांच्या गाठोड्यात सापडला. गुलाबी काही मिळेना. अखेर ट्रंकेतून माझ्या आईचे जपून ठेवलेले लुगडे निघाले. कात्री मीच चालवली. धावदोऱ्याच्या टाक्यांत तो गुलाबी किती हिवाळे टिकतो, आता पाहायचे.