बंद पडलेले इंजिन काय सांगते?

भुसावळ तालुक्यात तापी नदीवर हतनूरचे धरण आहे. चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो, त्याच्या खालच्या अंगाला हे धरण आहे. एका हिवाळ्यात या जलाशयातील पाण्याचे नमुने घेण्यासाठी आम्ही तेथे गेलो होतो. होडीला मागे टांगलेले एक लहान, जुने टू-स्ट्रोक इंजिन होते. अशा इंजिनाला आउटबोर्ड मोटर म्हणतात. मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेत अशी इंजिने विकायला सुरुवात केली आणि पुढे ती जगभर पोहोचली.

किनाऱ्यापासून दहा मिनिटे गेलो असू. इंजिनाचा आवाज बसत गेला, दोन-तीन आचके आले आणि ते बंद पडले. नावाडीदादा म्हणाले, “तापलं असेल, सर. थोडं थांबू.” पंधरा मिनिटांनी दोरी ओढताच इंजिन सुरू झाले. दहा मिनिटांनी पुन्हा बंद! हिवाळा असल्याने धरणाचे दरवाजे मिटलेले होते, म्हणून होडी जागच्या जागी डोलत राहिली. पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाज्यांपैकी बरेच उघडे असतात. तेव्हा हेच घडले असते तर?

आमची चूक

आम्ही स्पार्क प्लग बदलला. त्याच वेळी पेट्रोल किती उरले आहे, हे टाकीचे झाकण उघडून पाहिले. इंजिन सुरू झाले आणि वेग बेताचा ठेवून आम्ही किनाऱ्यापर्यंत आलो. सर्वांनी एकमुखाने ठरवले की दोष प्लगचा होता. दुसऱ्या दिवशी नवा प्लग असतानाही पूर्ण वेगात इंजिन दहाव्या मिनिटाला बंद पडले.

शाळेत आपण विद्यार्थ्यांना सांगतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही नकळत दोन बदलल्या होत्या. प्लग बदलल्याचे आमच्या लक्षात राहिले, झाकण उघडल्याचे राहिले नाही.

“थांबल्यावर पुन्हा सुरू होते, म्हणजे तापत असणार” हा तर्कही कच्चा होता. आउटबोर्ड मोटर नदीचेच पाणी पंपाने खेचून थंड राहते. आमच्या इंजिनातून त्या पाण्याची धार जोरात पडत होती आणि ती जेमतेम कोमट होती. हा पुरावा समोर असूनही आम्ही तो पाहिला नाही. (ही धार थांबली, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे, पंपात शेवाळ अडकलेले असू शकते.)

थोड्या विश्रांतीनंतर इंजिन सुरू होण्याची कारणे एकाहून अधिक असतात. कॉइलच्या तारेवरील आवरणाला भेग असेल, तर तापल्यावर ती रुंदावते, ठिणगी जाते आणि थंड झाल्यावर परत येते. टाकीत हवा शिरत नसेल, तरीही नेमके हेच लक्षण दिसते. मग निवड कशी करायची? दोन्ही कारणांसाठी वेगवेगळे उत्तर येईल अशी एक चाचणी शोधायची. इंजिन बंद पडताच फक्त झाकण सैल करायचे आणि न थांबता दोरी ओढायची. दोष कॉइलमध्ये असेल, तर गरम इंजिन सुरू होणार नाही. दोष हवेचा असेल, तर कार्बोरेटर भरण्यापुरता वेळ जाऊन ते सुरू होईल.

आम्ही झाकण सैल केले. ‘फुस्स’ असा आवाज आला. पाच-सहा वेळा दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झाले आणि पूर्ण वेगातही चालत राहिले. झाकणातील हवेच्या छिद्रात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते!

पंधरा मिलिलिटरचा हिशेब

आमची टाकी इंजिनाच्या डोक्यावर होती; पेट्रोल केवळ वजनाने खाली उतरत असे. समजा, टाकीतील पेट्रोलची पातळी कार्बोरेटरपेक्षा २० सेंटिमीटर उंच आहे. पेट्रोल पाण्याच्या सुमारे पाऊणपट जड असते. म्हणजे हा दाब १५ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका झाला. वातावरणाचा दाब सुमारे १००० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. याचा अर्थ, टाकीतील हवेचा दाब अवघा दीड टक्का कमी झाला की पेट्रोल उतरणे थांबते. टाकीत १ लिटर हवा कोंडलेली असेल, तर बॉइलच्या नियमानुसार फक्त १५ मिलिलिटर पेट्रोल खाली गेल्यावर ही स्थिती येते. (पेट्रोलच्या वाफेचा विचार येथे सोडून दिला आहे.)

मग इंजिन दहा मिनिटे कसे चालले? कारण मातीतून थोडी हवा झिरपत होती. हळू चालताना ती पुरे. पूर्ण वेगात मात्र पेट्रोलचा खप आवकेपेक्षा वाढे आणि कार्बोरेटर हळूहळू रिकामा होई. म्हणूनच आवाज बसत-बसत इंजिन थांबत असे.

जोडले की बंद

पुढच्या फेरीत इंजिनाने वेगळीच खोड दाखवली. दांडा डावीकडे वळवला की ते दिवा मालवावा तसे एका क्षणात बंद पडे. या वेळी हत्यारांना हात लावण्याआधी आम्ही वहीत निरीक्षणे लिहिली. हळूहळू मरणारे इंजिन बहुधा इंधनाकडे बोट दाखवते. एकदम मरणारे ठिणगीकडे.

जुन्या आउटबोर्ड मोटरला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, मॅग्नेटो असतो. जुन्या लुनातही तो असे आणि खानदेशात विहिरी-नाल्यांवर बसवलेल्या रॉकेलच्या लहान पंपांतही. फिरत्या फ्लायव्हीलमधील चुंबक स्थिर कॉइलजवळून जातो आणि प्राथमिक वेढ्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो. हे फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले तत्त्व आहे. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते. त्यामुळे दुय्यम कॉइलच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट निर्माण होऊन प्लगला ठिणगी पडते.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा: हे इंजिन बटणाने बंद कसे होते? बहुतेक जण म्हणतील, “बटण प्रवाह तोडते.” विजेच्या दिव्यात तसेच घडते. येथे उलट आहे. बटण दाबल्यावर प्राथमिक कॉइलची तार थेट इंजिनाच्या धडाला जोडली जाते. पॉइंट उघडले, तरी प्रवाहाला दुसरी वाट मिळते. तो एकदम तुटत नाही, म्हणून ठिणगीही पडत नाही.

यावरून दोन दोषांचे भाकीत करता येते. बटणाची तार तुटली, तर इंजिन बटणाने बंदच होणार नाही. तारेवरचे आवरण घासून ती धडाला टेकली, तर कोणी बटण न दाबताही इंजिन बंद पडेल. आम्ही किनाऱ्याला होडी बांधून फक्त ती एक तार सोडवली. (बटण निकामी होणार म्हणून चोक ओढून इंजिन थांबवण्याची तयारी ठेवली होती.) दांडा डावीकडे वळवला, इंजिन चालूच राहिले. दांड्याच्या खाली तार घासून उघडी पडलेली सापडली. इन्सुलेशन टेपचा एक तुकडा पुरला.

वर्गात

हवेच्या छिद्राचा प्रयोग पाण्यावर करावा. पेट्रोल वर्गात मुळीच आणू नये. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ टाचणीने छिद्र पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. धार लवकरच थांबेल. झाकण सैल करताच पुन्हा सुरू होईल. बाटली दाबली जाणार नाही याची काळजी घ्या. आधी बाटली काठोकाठ भरून आणि मग अर्धी भरून, झाकण लावल्यावर किती पाणी बाहेर पडते ते मोजायला सांगा. दोन्ही वेळा ते सारखे का नाही, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी असते. पुराच्या पाण्यात अशा पथकांच्या रबरी बोटी आउटबोर्ड मोटरवरच चालतात. तेथे बंद इंजिनासमोर अंदाज बांधत बसायला वेळ नसतो. शेतकऱ्यालाही नाल्याचे पाणी आटण्याआधी पंप चालू हवा असतो. दोघांच्याही उपयोगी पडणारी सवय वर्गातच लागू शकते: ते कसे बंद पडले हे आधी नीट पाहा, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला.